विंडोज ११ प्रो: बोर्ड गेला, लायसन्स टिकलं

लॅपटॉपचा मदरबोर्ड उडाला नसता तर हा रिव्ह्यू ‘होम पुरेसं आहे, पैसे वाचवा’ एवढ्यावरच आटोपला असता. विंडोज ११ च्या साध्या ‘होम’ एडिशनवरून वरच्या ‘प्रो’वर आल्यानंतर बरेच महिने माझं मत तेच होतं. आता बदललंय, पण त्याचं श्रेय प्रोच्या फीचर्सना नाही.

प्रो घेतलं ते फक्त रिमोट डेस्कटॉपसाठी. होम असलेल्या मशीनवरून दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरता येतं, पण होम असलेल्या मशीनमध्ये बाहेरून शिरता येत नाही. हार्डवेअर तेच, इंटरनेट तेच, आणि स्वतःच्याच कम्प्युटरवरची एक फाइल लांबून उघडायला वरची एडिशन विकत घ्या! याचा राग मला अजून आहे. फुकटची अ‍ॅप्स वापरून पाहिली; ऐन कामात ‘तुमचा वापर व्यावसायिक दिसतो’ म्हणून कनेक्शन तोडणाऱ्यांवर किती दिवस विसंबणार? प्रोचं रिमोट डेस्कटॉप मात्र निमूट चालतं. क्लिपबोर्ड, प्रिंटर, दोन मॉनिटर, सगळं. फक्त तुम्ही बाहेरून लॉगिन केलंत की तिकडची स्क्रीन लॉक होते. घरात कोणी त्याच मशीनवर बसत असेल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर आरडाओरडा होतो.

सँडबॉक्स, म्हणजे विंडोजच्या आतलं वेगळं तात्पुरतं विंडोज, हा अनपेक्षित बोनस. शंकास्पद इन्स्टॉलर त्यात चालवायचा, विंडो बंद केली की सगळं पुसलं जातं. ग्रुप पॉलिसी (विंडोजच्या खोलातल्या सेटिंग्ज) मी अपडेट्स लांबवण्यापुरतीच उघडतो. होमला १२८ जीबी रॅमची मर्यादा आणि प्रोला २ टीबीची, या फरकाने ज्यांचं अडतं ते असले रिव्ह्यू वाचत बसत नाहीत.

तर मदरबोर्ड. नवा बोर्ड लावून लॅपटॉप परत आला आणि सुरू करताच डिस्कला कुलूप घालणाऱ्या (एन्क्रिप्ट करणाऱ्या) बिटलॉकरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. साहजिक आहे, त्या कुलपाची किल्ली जपणारी टीपीएम चिप जुन्या बोर्डाबरोबरच गेली होती. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह होती, म्हणून डेटा वाचला. (होमवाल्यांनीही हे तपासा. डिव्हाइस एन्क्रिप्शन तिथेही असतं आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं.) आत गेलो तर विंडोज अ‍ॅक्टिव्हेटेड नाही. रिटेल की (वेगळी विकत घेतलेली) घातली, प्रो परत चालू.

मग सहज म्हणून लॅपटॉपसोबत आलेल्या होमचं काय झालं ते पाहिलं. ती ओईएम की (लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आधीच घातलेली) बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्येच असते. पॉवरशेल या कमांडच्या खिडकीतून विचारलं, तर नव्या बोर्डात की नाहीच. सदोष बोर्ड उत्पादकानेच बदलला तर लायसन्स चालू राहायला हवं, पण सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ‘सॉफ्टवेअर आमच्याकडे येत नाही.’ म्हणजे मी होमवरच राहिलो असतो तर विकत घेतलेलं विंडोज परत मिळवायला भांडत बसलो असतो. रिटेल लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं, पण ते मशीन कुठलं हे आपण ठरवतो. उद्या हा लॅपटॉप भंगारात गेला तरी प्रो माझ्याबरोबर येईल.

म्हणून आता कोणी होम की प्रो विचारलं की मी आधी कमांड प्रॉम्प्टवर ‘एसएलएमजीआर’, स्पेस, ‘स्लॅश डीएलआय’ टाकायला लावतो. उघडणाऱ्या खिडकीत चॅनेल लिहिलेला असतो: ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम. एका मित्राने मातीमोल भावात ‘लाइफटाइम प्रो’ घेतलं होतं. त्याच्याकडे निघालं व्हॉल्यूम, तेही केएमएस, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून अ‍ॅक्टिव्हेट होणारं! ते मोठ्या संस्थांसाठी असतं. संस्थेच्या सर्व्हरकडे किमान २५ मशीन आल्याशिवाय तो एकालाही अ‍ॅक्टिव्हेट करत नाही, आणि केलेलं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं. तेवढ्यात सर्व्हर पुन्हा भेटला नाही तर संपलं. मित्राचं लाइफटाइम तेवढंच भरलं. आता कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ झळकतंय आणि विकणारा फोन उचलत नाही.

किमतीबद्दल अजूनही कुरकूर आहे. रिमोट डेस्कटॉप लागत नसेल तर होम घ्या, पण मशीन स्वतः जुळवत असाल किंवा बोर्ड बदलायची सवय असेल तर रिटेल होम घ्या. ओईएम प्रोपेक्षा मी तेच पसंत करेन.

सर्व्हिस सेंटरकडची माझी तक्रार अजून उघडीच आहे. त्यांचं शेवटचं उत्तर: ‘सर, अ‍ॅक्टिव्हेट तर झालंय ना?’