'सार्डॉनिक'च्या निमित्ताने: ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी

अमेरिकेतील डग्लस हार्पर यांनी उभारलेला 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश विनामूल्य उपलब्ध आहे. अशा कोशाची खरी पारख रोजच्या शब्दांवर होत नाही, ती आडवळणाच्या शब्दांवर होते, म्हणून 'सार्डॉनिक' या विशेषणाची नोंद येथे मुद्दाम तपासली आहे.

कडवट, तुच्छतादर्शक हास्यासाठी वापरले जाणारे हे विशेषण १६३०च्या दशकात फ्रेंचमधून इंग्रजीत आले. सार्डिनिया बेटावरील एक वनस्पती खाल्ल्यास चेहरा आखडून माणूस हसल्यासारखा दिसतो आणि बहुधा दगावतो, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती, आणि या शब्दाचा उगम सांगताना पुष्कळ जण हीच कथा सांगून मोकळे होतात. हार्पर मात्र होमरच्या काव्यातील रूप 'सार्दानियोस' असे होते, त्याचे मूळ अनिश्चित आहे आणि बेटाच्या नावाच्या प्रभावाने ते पुढे 'सार्दोनियोस' झाले, हे स्पष्टपणे नोंदवतात. शब्दाचा उगम आणि त्याला मागाहून चिकटलेली कथा यांची अशी फारकत करणे हे व्युत्पत्तिकाराचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते येथे चोख बजावले आहे.

उणीव आहे ती अवतरणांची. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या विसाव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेषातील नायक ओडिसियसवर एक उन्मत्त पाहुणा बैलाचा खूर भिरकावतो. ओडिसियस मान किंचित कलवून तो चुकवतो आणि मनातल्या मनात हे हास्य करतो. नोंदीत होमरचा उल्लेख आहे, हा प्रसंग नाही. तो असता तर, नोंद ज्या 'ह्यूमर' शब्दाकडे वाचकाला पाठवते तेथील, इंग्रजी भाषावापराचे अभ्यासक फाउलर यांचा विनोदाच्या प्रकारांची तुलना करणारा १९२६चा तक्ता अधिक उजळून निघाला असता. कारण त्या तक्त्यानुसार 'सार्डॉनिक' विनोदाचे क्षेत्र म्हणजे प्रतिकूल परिस्थिती, हेतू म्हणजे स्वतःचे मन हलके करणे आणि श्रोताही स्वतःच. ओडिसियसचे ते हास्य याहून वेगळे नाही.

जुनी अवतरणे सनावळीसह हवी असतील, तर सशुल्क ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला पर्याय नाही. विद्यार्थी, अनुवादक आणि इंग्रजीचे शिक्षक यांनी मात्र सुरुवात हार्पर यांच्या कोशापासूनच करावी आणि नोंदीतील 'पाहा' हा निर्देश कधीही ओलांडून जाऊ नये.