पुरुषांसाठी उघड्या बोटांचे हातमोजे: सपाट विणून शिवावेत की गोल विणून अंगठा काढावा?

क्रोशाने पुरुषांचे हातमोजे करायला घेतले की रंग, वीण आणि सुईचा नंबर ठरवण्यात आपला बराच वेळ जातो. पण तो मोजा रोज हातात चढणार की कपाटात पडून राहणार, हे ठरते अंगठ्यापाशी. उघड्या बोटांच्या मोज्यात अंगठ्याची सोय करण्याच्या दोन पद्धती जास्त रूढ आहेत. पहिलीत एक सपाट आयत विणून त्याच्या दोन कडा एकमेकींना शिवतात आणि शिवताना अंगठ्यापुरती फट सोडतात. दुसरीत मनगटापासून वर गोल विणत जातात, अंगठ्याच्या बुंध्याशी टाके वाढवत एक त्रिकोणी कळी तयार करतात, शिंपी कुडत्याच्या बगलेत लावतो तशी, आणि शेवटी तिच्या रुंद टोकावर अंगठ्याची आखूड नळी विणतात.

माझा थोरला भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षाची शेती करतो. हिवाळ्यात राज्यातला सर्वांत कमी पारा ज्या मोजक्या ठिकाणी नोंदवला जातो त्यांत निफाड असते, आणि शेतीची लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला दादाला पहाटे तीनलाही बागेत जावे लागते. बोटे उघडी हवीत, कारण स्टार्टरचे बटण, मोबाइल आणि विरळणीची कात्री हे तिन्ही बोटांच्या टोकांचे काम आहे. त्याच्यासाठी मी दोन्ही पद्धतींचे जोड केले आहेत, त्यामुळे पुढची तुलना बरीचशी त्याच्या हातांवरून झालेली आहे.

सपाट पद्धतीची मांडणी वाचताना उलटी वाटते, पण एकदा समजली की सोपी आहे. सुरुवातीची साखळी ही मोज्याची लांबी असते आणि ओळींची संख्या हा त्याचा घेर असतो. मध्यम जाडीची, म्हणजे डीके प्रकारची लोकर आणि ४ मिमीची सुई घेतली, तर २० सेंमी लांबीसाठी मला साधारण ३४ टाके लागतात. प्रत्येक ओळीत अर्धा खांब (मुका खांब आणि खांब यांच्या मधल्या उंचीचा टाका) खालच्या टाक्याच्या फक्त मागच्या दोऱ्यातून घालत गेले की कापडावर उभ्या पन्हाळी उठतात आणि तुकडा आडवा ताणला जाऊ लागतो. क्रोशाच्या विणीत असा ताण सहजी मिळत नाही, म्हणून या पन्हाळींना किंमत आहे. पुरुषाच्या तळहाताचा घेर, अंगठा सोडून बोटांच्या बुंध्याशी मोजला तर, बहुधा २० ते २३ सेंमी भरतो. २२ सेंमीच्या हातासाठी तुकडा २० सेंमी रुंद झाला की थांबावे, म्हणजे पंचवीस-सव्वीस ओळी होतात. मग वरून ४ सेंमी शिवायचे, ५ सेंमी अंगठ्यासाठी सोडायचे आणि उरलेले ११ सेंमी मनगटापर्यंत शिवून टाकायचे. दोन्ही मोजे अगदी सारखे होतात आणि कोणताही कोणत्याही हातात चढतो. उजव्या हाताचा तळवा गाडीच्या अॅक्सिलरेटरवर आधी झिजतो, तेव्हा दर आठवड्याला हात बदलून घातल्यास जोड जास्त दिवस टिकतो, हा या पद्धतीचा फारसा कुणी न सांगितलेला फायदा आहे.

गोल विणताना हिशेब बरोबर उलटा होतो. सुरुवातीलाच घेर ठरवावा लागतो आणि लांबी मात्र शेवटपर्यंत हातात राहते. त्याच लोकरीने आणि सुईने मुक्या खांबाचे, म्हणजे बुटक्या, घट्ट टाक्याचे, १० सेंमीत माझे १८ टाके बसतात. मुका खांब फारसा ताणला जात नसल्याने २२ सेंमीच्या हातासाठी फक्त एक सेंमी कमी धरून ३८ टाके घ्यावे लागतात. मनगटाची पन्हाळीची पट्टी वेगळी, आडवी विणून तिच्या कडेवर हे टाके उचलले तर मनगट घट्ट बसते. कळीची सुरुवात दोन टाक्यांवर करून एक फेरी सोडून एक फेरी तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवत नेला की बाराव्या फेरीला कळीत १४ टाके होतात, आणि तोवर काम ५ ते ६ सेंमी वर आलेले असते. मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा बुंधा साधारण तेवढ्याच अंतरावर हातापासून सुटा होतो. ते १४ टाके एका वेगळ्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे, तळव्याच्या फेऱ्या पूर्ण करायच्या आणि मग अंगठ्याकडे परत यायचे.

यात एक खोच आहे, आणि मी स्वतः पहिल्या वेळी तिच्यात सापडले. मुका खांब न उलटता गोलगोल विणला की टाके एकावर एक सरळ बसत नाहीत. उजव्या हाताने विणणाऱ्याच्या कामात ते दर फेरीला किंचित उजवीकडे सरकतात. खुणेची पिन आपण जिथल्या तिथे ठेवली असे वाटते, पण बारा फेऱ्यांनंतर कळी तिरपी गेलेली असते आणि एका मोज्याचा अंगठा हाताच्या मागच्या बाजूला वळल्यासारखा दिसतो. यावर सरळ उपाय असा की प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने (फेरीची दोन टोके जोडणाऱ्या बिनउंचीच्या टाक्याने) बंद करावी, काम उलटावे आणि पुढची फेरी उलट दिशेने विणावी. त्याने सांधा थोडा दिसतो, पण कळी जागेवर राहते.

इंग्रजी नमुन्यावरून विणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात, आणि आपला खांब म्हणजे अमेरिकेचा डबल व ब्रिटनचा ट्रेबल. नमुना कोणत्या देशातला आहे हे न पाहता सुरुवात केली, तर ३८ टाक्यांचा मोजा घट्ट होण्याऐवजी जाळीदार आणि दुप्पट उंचीच्या ओळींचा होतो, ज्यातून वारा आरपार जातो. स्त्रियांच्या मोज्यांवर खांबांची नक्षी शोभून दिसते. पहाटे गाडी चालवणाऱ्या पुरुषासाठी घट्ट वीणच घ्यावी.

आता दोन्ही मोजे हातात घालून मूठ वळावी. फरक तिथे दिसतो. अंगठा हा तळव्याच्या बाजूला नुसता चिकटलेला नसतो, त्याच्या बुंध्याशी मांसाचा जाड उंचवटा असतो, आणि कष्टाची कामे करणाऱ्या पुरुषांच्या हातात तो अधिकच भरलेला असतो. सपाट मोज्यात या उंचवट्यासाठी वेगळे कापड नसते, त्यामुळे हँडल पकडले की सगळा ताण फटीच्या दोन टोकांवर येतो, मनगटाची कड अर्धा-पाऊण इंच वर सरकते आणि नेमके नाडीवर गार वारे लागते. पन्हाळीची वीण यातला काही ताण पोटात घेते, पण पूर्ण घेत नाही. दादाच्या पहिल्या जोडाची शिवण जानेवारी संपायच्या आत अंगठ्याच्या सांध्यात उसवली होती. कळीच्या मोज्यात तोच उंचवटा आपल्या जागी सुखाने बसतो, मनगट झाकलेले राहते आणि अंगठ्याचे पहिले पेरही उबेत राहते, कारण तिथे फट नसून नळी असते. दिसण्यातही कळीचा मोजा विकतच्यासारखा घोटीव दिसतो; काही पुरुषांना घरी विणलेली वस्तू चारचौघांत घालायला संकोच वाटतो, त्यांच्यासाठी हा मुद्दा अगदीच किरकोळ नाही.

वेळेच्या बाबतीत सपाट पद्धत स्पष्टपणे पुढे आहे. मला एक जोड चार-पाच तासांत, म्हणजे दोन संध्याकाळी टीव्ही पाहता पाहता होतो. कळीच्या जोडाला आठ तास तरी लागतात आणि टाके मोजताना टीव्ही बंद ठेवावा लागतो. लोकर दोन्हींना ७० ते ९० ग्रॅम लागते, तेव्हा खर्चात म्हणावा असा फरक पडत नाही. दोन सुयांवर विणलेला मोजा याहून पातळ आणि लवचीक होतो हे मान्य केले पाहिजे. ज्यांना सुलट-उलट टाक्यांचा सराव आहे त्यांनी क्रोशाचा हट्ट धरू नये. क्रोशाचे कापड जाड आणि राकट होते, पण तळव्यावर घासले जाणाऱ्या वस्तूला तो जाडपणा उपयोगी पडतो.

लोकरीची निवड मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच महत्त्वाची आहे. दुकानात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते: स्वस्त, मशीनमध्ये धुता येणारे, अंगाला न टोचणारे, आणि महिनाभरात गोळ्या धरणारे. शिकाऊ हातासाठी ते ठीक आहे. पण थंडीची लाट आली की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि अॅक्रिलिक आगीजवळ वितळते. दादाच्या मोज्यावर ठिणगी पडली तिथे हरभऱ्याएवढे भोक पडले, त्याची कड वितळून काळ्या मण्यासारखी टणक झाली, आणि थोडक्यात निभावले म्हणून ती हाताला चिकटली नाही. मेंढीची खरी लोकर सहजी पेट घेत नाही, ज्योत दूर झाली की बहुधा आपोआप विझते, आणि दवाने ओलसर झाली तरी ऊब देते. ती गार पाण्यात हाताने धुवावी लागते, गरम पाण्यात चोळली तर आटून लहान मुलाच्या मापाची होते. घोंगडीसाठी वापरतात ती दख्खनी मेंढीची लोकर उबदार असली तरी मोज्याला फार खरखरीत पडते. मेरिनो किंवा मेरिनोत थोडे नायलॉन मिसळलेली लोकर घ्यावी, नायलॉनमुळे तळव्याची झीज कमी होते. सुती दोरा या कामात घेऊच नये: तो ताणून परत येत नाही आणि ओला झाला की हात उलट गारठतो. काळा रंग पुरुष आवडीने मागतात, पण रात्री दिव्याखाली काळ्या लोकरीतला मागचा दोरा दिसत नाही, म्हणून पहिल्या जोडाला करडा किंवा गडद तपकिरी रंग बरा.

तेव्हा निवड करताना मी आधी एकच गोष्ट विचारते: ज्याच्यासाठी विणायचे त्याचा हात समोर आहे का? तो घरातलाच असेल, अधूनमधून घालून पाहायला तयार असेल आणि मोजा रोजच्या कामाला लागणार असेल, तर जास्तीचे तीन तास मोजून कळीचा मोजा करावा. मुलगा परदेशात असेल, भेट गुपचूप द्यायची असेल किंवा हे विणणाऱ्याचे पहिलेच मोजे असतील, तर सपाट पन्हाळीचा करावा, कारण घेरातली दोन सेंमीची चूक तो सहज सांभाळून घेतो. फक्त फोनवरून माप मागवताना "लार्ज" एवढ्यावर समाधान मानू नये. वहिनीने दादाच्या तळव्याभोवती सुतळी गुंडाळून, ती कापून पाकिटातून पाठवली होती. तिच्याहून अचूक माप मला आजवर कुणी दिलेले नाही.

आणि जोड पूर्ण झाल्यावर त्याच लोकरीचे आठ-दहा मीटर बाजूला काढून ठेवावेत. सपाट मोज्याची शिवण उसवली तर त्यातून दहा मिनिटांत पुन्हा घालता येते. कळीच्या मोज्यात अंगठ्याच्या नळीची कड सर्वांत आधी झिजते, पण ती नळी सर्वांत शेवटी विणलेली असल्याने तेवढीच उसवून नव्याने विणता येते आणि बाकीच्या मोज्याला हात लावावा लागत नाही.