नेटमेटा वापरून पाह्यलं: पॅकेज फुकट, डोकं मात्र आपलंच लागते

थिसिससाठी तीन महिने झाले, आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) मधलं नेटमेटा, म्हणजे लय ट्रायल्स जोडून अनेक औषधं एकसाथ ताडाचं पॅकेज, वापरून राहिलो, गावीच, हिंगणघाटच्या बाजूले, लाईन असली तं. पैसे लागत नाहीत, एकदा इन्स्टॉल झालं का मंग रेंज बी लागत नाही, आमच्यासारख्याले हेच लय झालं. पण घेतलं होतं ते इनकन्सिस्टन्सी (सरळ तुलना अन् फिरून काढलेली तुलना यांचं न जुळणं) तपासाले, तं त्याच्यावरच लिहितो.

काकानं विचारलं हे काय असते, मी कापसावर आणलं. एकच गाठोडं घरच्या काट्यावर जिनिंगपेक्षा 2 किलो जास्त भरते, जिनिंगवर खेडा खरेदीवाल्यापेक्षा 1 किलो जास्त, म्हणजे घर अन् खरेदीवाला यात 3 चा फरक यायले पाह्यजे. सरळ मोजून 7 आला तं कुठंतरी पाणी मुरून राह्यलं. औषधांच्या ट्रायल्सचं असंच: दोन औषधं सरळ ताडली तं डायरेक्ट, तिसऱ्यावरून हिशोब काढला तं इनडायरेक्ट. काका म्हणे, हे तं आमाले आधीच माहीत होतं बापा.

पॅकेजमधलं नेटस्प्लिट हे फंक्शन मले सगळ्यात आवडलं, प्रत्येक जोडीचा डायरेक्ट अन् इनडायरेक्ट अंदाज येगयेगळा, फरक अन् पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना बी नुसत्या योगायोगानं एवढा फरक यायची शक्यता) बाजूलेच. फक्त सगळी औषधं नुसती प्लॅसिबोशीच (औषध नसलेल्या खोट्या गोळीशी) ताडली असतील, कुठं वर्तुळच पूर्ण होत नसन, तं तपासाले काहीच नाही, अन् त्या रिकाम्या रकान्याले "सगळं बरोबर" समजू नका. जोड्या लय असल्या तं एखादी 0.05 च्या खाली उगीच बी येते.

नेटहीट या दुसऱ्या फंक्शनचं रंगीत चित्र देखणं, लाल दिसलं तिथं भांडण. प्रेझेंटेशनले कामाचं, निर्णय घ्याले मले तरी नाही जमलं.

खरी गंमत डीकॉम्प डॉट डिझाईन या फंक्शनमधे, ते विसंगती कुठून आली ते वाटून दाखवते. पॅकेजसोबत डायबेटिसचा सेन 2013 डेटा येते, 26 ट्रायल्स, प्लॅसिबो धरून 10 उपचार. कॉमन इफेक्टवर (खरा परिणाम सगळ्या ट्रायल्समधे एकच धरून) एकूण क्यू (निकाल किती फाकले त्याचं माप) 96.99, त्यातला 74.46 एकाच डिझाईनच्या (तेच उपचार ताडणाऱ्या) ट्रायल्समधला अन् 22.53 डिझाईन-डिझाईन मधला, 7 डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तपासण्या), पी 0.0021. म्हटलं सापडलं! अन् खालीच, त्याच आउटपुटमधे, रँडम इफेक्ट्स (खरा परिणाम ट्रायलगणिक बदलते असं धरून) घेतले तं डिझाईन-डिझाईन मधला क्यू 2.19, पी 0.9483. दोनदा परत चालवलं, वाटलं माझंच चुकलं. चुकलं नव्हतं. सारख्या डिझाईनच्या ट्रायल्सच आपसात इतक्या फाकलेल्या हायेत का तो पसारा हिशोबात धरला का डिझाईनमधला फरक त्यातच बुडते. विसंगती गेली असं नाही, ते टेस्ट मुळातच कमजोर. स्क्रीनवर हे कोणी सांगत नाही, तिथंच माझ्यासारखा नवखा फसते अन् "कन्सिस्टंट आहे" लिहून मोकळा होते.

पाचपैकी चार. एक स्टार हेल्प पानांचा कापला, ते वाचून कोणालेच काही समजत नसन. अन् आधी नेटकनेक्शन (सगळे उपचार एकमेकांशी जोडलेले हायेत का ते पाहाचं फंक्शन) चालवा, माझी एक पुरी संध्याकाळ गेली, नेटवर्क तुटलेलं दाखवे, शेवटी निघालं काय तं अर्ध्या ओळीत प्लॅसिबोचं पहिलं अक्षर कॅपिटल अन् अर्ध्यात स्मॉल.