गडद हिरवा मॅट इमल्शन: रंग चांगला, पण भिंत बघून

शहापुरातलं आमचं घर जुनं. बैठकीच्या खोलीला सागवानी तुळया आणि खिडक्या दोनच, त्याही उत्तरेला. इतकी वर्षं तिथे मलई, फिकट पिवळा, मोतिया असे 'उजेड देणारे' रंग होऊन गेले आणि खोली मळकीच दिसत राहिली. यंदा दिवाळीआधी सोफ्यामागच्या एकाच भिंतीला गडद हिरवा मॅट इमल्शन दिला. "बाई, अंधार होतोय बघा," असं दुकानदार बिल फाडेपर्यंत सांगत होता.

अंधार झाला नाही. उरलेल्या तीन भिंती आणि छत पांढरं ठेवलंय. खरी गंमत तुळयांची: हिरव्याशेजारी सागवानाचा तांबूसपणा आता कुठे नजरेत भरला, कोनाड्यातली पितळी समईसुद्धा. उत्तरेच्या उजेडाला झळ नसते, त्यामुळे दिवसभर भिंत मखमलीसारखी दिसते. रात्री मात्र जुन्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली ती शेवाळी, आजारी वाटायची. ३००० केल्व्हिनचे पिवळसर एलईडी लावले आणि प्रश्न मिटला. हा खर्च आधीच धरा.

रंग तिसऱ्या हाताशिवाय बसला नाही. पेंटर म्हणालाच होता, "दोन हातांत नाही भागत ह्याचं, तिसरा माराय लागतोय की." मी हायस्कूलला विज्ञान शिकवलंय, म्हणून त्याचं बोलणं पटलं. खालचा रंग झाकायचं काम टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी करते, आणि गडद छटेच्या बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, ती जेमतेम असते. जास्त घातली तर हिरवा फिकट पडेल. पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्रायमर मारून घेतला तर काम सोपं जातं. दोन डबे असतील तर ते एका बादलीत मिसळून घ्या, नाहीतर भिंतीच्या मध्यावर फरक दिसतो.

मावशींनी विचारलं, हिरव्यात विष असतं ना गं? असायचं. शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये काढलेल्या हिरव्यात आर्सेनिक होतं. आताच्या हिरव्यांत बहुधा थॅलोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ती भीती नाही.

तक्रार आहे ती 'धुता येतो' या जाहिरातीबद्दल. रंग निघत नाही, कबूल. पण ओल्या फडक्याने पुसलं की तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. सोफ्याची पाठ जिथे घासते तिथे पट्टा उमटलाय. नंतर ब्रशने डाग झाकायला जावं तर ठिगळ दिसतं. घरात लहान मुलं असतील तर मॅट नको, थोड्या चमकीचा घ्या.

आणि आपल्याकडच्या पावसाला तोंड देणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला हा रंग अजिबात नको. खानापूरला भावाने जांभ्याच्या भिंतीला दिला होता; श्रावण यायच्या आत क्षार फुटून पांढरे चट्टे. पांढऱ्या भिंतीवर ते खपून जातात, हिरव्यावर दारातूनच दिसतात. ओल आधी बंद करा, रंगाचं मग बघू.

छटा मिसळलेला डबा दुकानदार परत घेत नाही. म्हणून लहान डबा आणून पुठ्ठ्यावर मारा आणि तो भिंतीला टेकवून दिवसा, रात्री दोन्ही वेळा बघा. मला आधी आवडलेला बाटली-हिरवा दिव्याखाली काळा दिसला, बाद. त्याहून जरा पिवळसर झुकणारा घेतला, तोच भिंतीवर आहे.