स्टिकरवरचे ४५० वॅट

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मानेवाड्याच्या घरावर ४५० वॅटचे सात सोलर पॅनल बसवले. विकणारा म्हणाला, "काका, २३ टक्के एफिशियन्सी आहे, असा माल बाजारात नाही." म्हणजे पॅनलवर पडणाऱ्या उजेडातल्या २३ टक्क्यांची वीज होते. सबसिडीचं विचारलं तर म्हणे, तिच्यासाठी देशी सेलचेच (सेल म्हणजे पॅनलमधले वीज बनवणारे चौकोन) पॅनल लागतात, महाग पडतात, सोडा तो नाद. ७८,००० रुपयांवर मी असं पाणी सोडलं.

मे महिन्यात भर दुपारी इन्व्हर्टरचा आकडा १,८५० वॅटच्या वर सरकेना. सात पॅनलचे होतात ३,१५०. फोन केला, तर उत्तर तयार: "नागपूरचं ऊन आहे काका! पॅनल तापलं की वीज कमी होतेच."

गंमत म्हणजे हे खरं आहे. पॅनलचे वॅट मोजताना चौरस मीटरला १,००० वॅट उजेड आणि सेलचं तापमान २५ अंश, असं ठरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, सेल तर ६५ च्या पुढं. दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे पंधरा-सोळा टक्के घट, वर धूळ धरा. पण चाळीस टक्के? हा हिशोब तेव्हा केला असता तर! मी कूलरसमोर बसून उन्हाळा संपायची वाट पाहिली.

जानेवारीत पॅनल धुऊनही आकडा २,००० च्या आसपासच. भाचा आयटीआयला आहे. तो म्हणाला, "मामा, पॅनल टेपनं मोजलं का?" मोजलं. लांबी १.९६ मीटर, रुंदी ०.९९, म्हणजे १.९४ चौरस मीटर. त्यावर चाचणीतला उजेड पडणार १,९४० वॅट. ४५० भागिले १,९४०, आले २३ टक्के. विकणाऱ्या पठ्ठ्यानं आकडा बरोब्बर जुळवला होता! पण आमचे पॅनल निळसर, पॉलिक्रिस्टलाइन. ते १७ टक्क्यांच्या आसपासच असतात. भाच्यानं मागच्या स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली दुसरं स्टिकर, ३३५ वॅट.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. ग्राहक आयोगात जायचं म्हणून वकिलांकडे गेलो, त्यांनी आधी बिल मागितलं. त्यावर लिहिलंय, 'सोलर पॅनल, ७ नग'. मॉडेल नाही, वॅट नाही, सिरीयल नंबर नाही. रोख दिले म्हणून त्यानं दोन हजार कमी केले होते, आणि मीच खूश होऊन कच्चं बिल खिशात घातलं होतं.