योक जाम झाल्याचे निमित्त आणि बदललेले क्राउन-पिनियन

माझ्याकडे मागच्या चाकांवर चालणारी एक जुनी सात आसनी जीप आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या डब्याच्या तोंडाशी, जिथे गिअरबॉक्सकडून ताकद आणणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट येऊन जोडला जातो तिथे, तेलाचा ओघळ दिसू लागला. टेल पिनियनचे, म्हणजे त्या डब्यात शिरणाऱ्या दांड्याच्या टोकावरील लहान दातेरी चाकाचे, तेल अडवणारे ऑइल सील गेले होते. सील स्वतः काही महाग नसते. मात्र ते बदलण्यासाठी पिनियनच्या दांड्यावर बसवलेला योक, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडण्याचा दोन कानांचा लोखंडी तुकडा, आधी काढावा लागतो, आणि माझी फसवणूक झाली ती या योकच्या निमित्ताने.

कराडजवळ महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये मी गाडी सोडली. मजुरीसह १,८०० रुपये ठरले. संध्याकाळी मालकाचा फोन आला : "काका, योक जाम आहे, काही केल्या निघत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिले, तर योकचा एक कान वाकलेला होता, त्यावर घणाचे ताजे घाव होते आणि गॅसच्या ज्योतीने तो काळा पडला होता. मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही. योक पिनियनच्या दांड्यावरील खाचांवर घट्ट बसतो आणि वर्षानुवर्षांच्या गंजाने तो तिथे चिकटतो, यात नवल काही नाही. त्यासाठी पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग स्क्रूने ओढून काढणारे हत्यार, असतो. मधला मोठा नट काढून, गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू देऊन, पुलरचा स्क्रू सावकाश आवळत गेल्यास बहुतेक योक निघतात. घण मारला की तो धक्का थेट पिनियनच्या बेअरिंगांवर आणि दातांवर जातो.

मालकाने मला सांगितले की ओढाताणीत पिनियनचे आटे गेले आहेत, पिनियन बदलावे लागेल, आणि ते एकटे मिळत नाही, ते ज्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवते त्या क्राउनसह जोडीनेच घ्यावे लागते. हे शेवटचे वाक्य खरे होते, कारण ही दोन दातेरी चाके कारखान्यातच एकमेकांशी जुळवून घासलेली असतात. आणि ते खरे असल्याचे मी ऐकून होतो म्हणून आधीची वाक्येही मला खरी वाटली. नवीन क्राउन-पिनियन, नवीन योक, बेअरिंगे, सील आणि मजुरी मिळून २४,५०० रुपये मी दिले. पावती कच्ची होती, साध्या वहीतून फाडलेली. जुने भाग मागितले, तर ते भंगारवाला घेऊन गेल्याचे उत्तर मिळाले. आदल्या दिवशी काढलेले भाग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भंगारात कसे गेले, हे तिथेच विचारायला हवे होते. मी विचारले नाही.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेल ठिबकू लागले आणि वेग वाढवताना मागून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. त्याहून विचित्र गोष्ट रस्त्यावर लक्षात आली. महामार्गावरील दगडांप्रमाणे १० किलोमीटर अंतर कापले की गाडीच्या मीटरवर ११ दिसत होते. या गाडीचे मीटर गिअरबॉक्समधून चालते. त्यामुळे तेवढ्याच अंतराला प्रोपेलर शाफ्ट अधिक फेरे घेऊ लागला, तर मीटर जास्त पळते. टायर मी बदललेले नव्हते.

साताऱ्यातील एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी न उघडताच उलगडा केला. चाकांना दगड लावून, हँडब्रेक सोडून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून त्यांनी मागचे एकच चाक उचलले, चाकावर आणि शाफ्टवर खडूने खुणा केल्या आणि ते चाक २० वेळा फिरवायला लावले. एकच चाक फिरते तेव्हा डिफरन्शियलमुळे त्याच्या दोन फेऱ्यांना क्राउनची एक फेरी होते, म्हणजे २० फेऱ्यांना क्राउनच्या १० फेऱ्या. शाफ्टचे फेरे भरले ४१. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात प्रमाण, म्हणजे क्राउनच्या एका फेरीला शाफ्टचे किती फेरे, ३.७३ छापलेले आहे, त्यामुळे ते ३७च्या थोडे पुढे थांबायला हवे होते. उघडल्यावर क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दात निघाले. मूळच्या जोडीत पिनियनला ११ असणार. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतून निघालेली वापरलेली जोडी माझ्या गाडीत बसवून नव्याचे पैसे घेतले होते.

योकही तसाच. वरून काळा रंग मारलेला, पण सील जिथे घासते त्या गळ्यावर नखाला लागेल एवढी खोल खाच होती. अशा गळ्यावर कितीही चांगले सील बसवले तरी ते टिकत नाही. पुलर लावल्यावर तो योक पंधरा मिनिटांत सुटला. खरे नुकसान मात्र नटाखाली होते. पिनियनच्या दोन बेअरिंगांच्या मध्ये दबत जाणारी एक नळी असते. नट आवळताना ती नेमकी तेवढीच दबली पाहिजे की बेअरिंगांवर ठरलेला दाब येईल, आणि तो दाब पिनियन फिरवायला किती जोर लागतो हे मापून तपासायचा असतो. एकदा अधिक दबलेली नळी नट सैल केल्याने पूर्ववत होत नाही, नवीच घालावी लागते. येथे जुनीच नळी ठेवून नट अंदाजाने, बहुधा लांब पाइप लावून, आवळला होता. बेअरिंगे तापून निळसर झाली होती.

कोणाचा योक खरोखरच जाम निघाला, तर नट काढण्यापूर्वी पिनियनच्या तोंडावर आणि क्राउनवर कोरलेल्या जोडीच्या आकड्यांचे फोटो घ्यावेत, दात मोजून घ्यावेत आणि जुने भाग परत मिळतील हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यावे. पक्के बिल मागितल्यावर दर वाढवून सांगणाऱ्याकडे गाडी न सोडणे बरे.

मिस्त्रींनी लेखी दिलेला अहवाल आणि खडूच्या खुणांचा व्हिडिओ जोडून मी गॅरेजमालकाला नोटीस पाठवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरून आधी मार्गदर्शन मिळते. नोटिशीत मी आयोगाचा उल्लेख केला होता. त्यानंतर १२,००० रुपये परत आले. माझी मूळची जोडी आली नाही. नवी बेअरिंगे, नवी नळी आणि नवा योक घालून ती वापरलेली जोडीच सध्या चालू आहे, आणि मीटरवरचा आकडा वाचताना त्यातून दर अकरा किलोमीटरमागे एक मी मनातल्या मनात वजा करतो.