पोस्टपेड सोडलं, तरी बिल आलं : भरायचं, भांडायचं की गप्प बसायचं?

पोस्टपेड सोडून तीन-चार महिने झालेले असतात. जुनं सिमकार्ड कुठल्या खणात पडलंय तेही आठवत नाही. आणि भर दुपारी अनोळखी नंबरवरून फोन येतो, ‘सर, तुमचे अकराशे ऐंशी बाकी आहेत. आज भरलेत तर दोनशे कमी करून देतो, नाहीतर फाइल लीगलला जाईल.’

अशा वेळी बहुतेक माणसं रक्कम बघून ठरवतात. लहान असेल तर ‘कटकट नको’ म्हणून भरून टाकतात, मोठी असेल तर भांडायला उभी राहतात. मला हा हिशेब चुकीचा वाटतो. रकमेच्या आधी एकच गोष्ट बघा : नंबर पोर्ट करून दुसऱ्या कंपनीकडे नेलात, की नंबरच बंद केलात? कुठला मार्ग परवडेल आणि कुठला अंगाशी येईल, हे बरंचसं त्यावर ठरतं.

त्याआधी थोडं आपल्याच घरात डोकावू. बिल आलं म्हणजे ते खोटंच, असं नसतं. पोस्टपेडमध्ये वापर आधी आणि बिल नंतर. पोर्ट करताना आपण १९०० वर एसएमएस पाठवून यूपीसी कोड, म्हणजे नंबर हलवण्यासाठी लागणारा कोड, मागवतो. १६ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो कोड देण्याआधी थकबाकी तपासली जाते, पण ती निघालेल्या बिलांची. शेवटचं बिल निघाल्यापासून नंबर प्रत्यक्ष सुटेपर्यंतचे दिवस त्यात येत नाहीत. बिलाची तारीख ५ आणि पोर्ट झालं २२ ला, तर मधल्या सतरा दिवसांचं बिल येणारच. ‘बाकी असती तर पोर्टच झालं नसतं’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण टिकत नाही.

माझंच सांगतो. फॅमिली प्लॅनमधला माझा नंबर पोर्ट केला, आईचा जोडनंबर तिथेच राहिला. त्याचं भाडं नव्या दराने माझ्या नावावर चढत होतं आणि बिलं जात होती महिन्यातून एकदा उघडल्या जाणाऱ्या ई-मेलवर. चिडून फोन केला, पण चूक माझी होती. पैसे भरले आणि विषय संपला. तुमच्या बिलातही असाच जोडनंबर, डोंगल किंवा चालू राहिलेलं एखादं पॅक निघतं का, ते बघा. त्यासाठी एजंटने सांगितलेला आकडा पुरत नाही. कंपनीकडून तपशीलवार बिल मागवा आणि ‘कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत’ तेवढंच आधी वाचा. नंबर सुटल्यानंतरच्या तारखांचं भाडं त्यात असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.

नंबर पोर्ट केला असेल तर

पोर्ट केलेल्या ग्राहकाची एक दोरी जुन्या कंपनीच्या हातात राहते. शेवटचं बिल भरलं नाही, तर ती नव्या कंपनीला कळवू शकते. नवी कंपनी तुम्हाला नोटीस देते, आणि पैसे भरल्याचा पुरावा दिला नाही, तर आज वापरात असलेला तुमचा नंबर बंद होऊ शकतो. बँकेचे ओटीपी, आधार, गॅसचं बुकिंग, सगळं ज्या नंबरला जोडलेलं आहे तो नंबर. हजार-दीड हजारांच्या वादात तो पणाला लावायचा का?

माझं मत : नव्या कंपनीकडून नोटीस आली असेल आणि रक्कम झेपण्यासारखी असेल, तर भरा, पण हक्क राखून भरा. भरण्याआधी जुन्या कंपनीला ई-मेल करा, ‘ही रक्कम मला मान्य नाही. चालू नंबर बंद होऊ नये म्हणून हक्क राखून भरत आहे. परताव्याची मागणी कायम आहे.’ पैसे कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर, त्याच खाते क्रमांकावर भरा. एजंटने पाठवलेल्या क्यूआर कोडवर कधीच नाही. पावती नव्या कंपनीला पाठवा आणि मग निवांत भांडा. भरल्यामुळे तक्रारीचा हक्क जात नाही.

रक्कम मोठी असेल, म्हणजे रोमिंगचं वीस-पंचवीस हजारांचं बिल वगैरे, तर आधी भरून मग परत मागणं जड जातं. तिथे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतानाच नंबर बंद करू नये असा अंतरिम आदेश मागता येतो.

आणि नव्या कंपनीकडून काहीच आलं नसेल, नुसते एजंटचे फोन येत असतील, तर घाई नाही. ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत नंबर बंद होईल’ असा फोन आला तर तो थेट भामट्याचा समजा. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था आहे, ती कुणाचे नंबर बंद करत नाही. असे फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये नोंदवता येतात.

नंबरच बंद केला असेल तर

इथे ती दोरी नाही, त्यामुळे आधी भरायची गरजही नाही. इथे वादाचा गाभा एकच : बंद करण्याची विनंती कधी दिली आणि त्याचा पुरावा काय. सिम काढून ठेवणं म्हणजे कनेक्शन बंद करणं नव्हे. कंपनीच्या लेखी ते चालूच असतं आणि भाडं चढत राहतं. ऑटोपे बंद करणं म्हणजेही कनेक्शन बंद करणं नव्हे. विनंतीचा एसएमएस, ई-मेल किंवा कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, मिळालेली पोच हाताशी असेल, तर कंपनीची अंतर्गत तक्रारव्यवस्था वापरून बघाच. लोक तिला फार लवकर निकालात काढतात.

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत. पहिली, कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर किंवा लेखी तक्रार आणि तिचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक. हा नंबर न घेता फोन ठेवला, तर तक्रार झालीच नाही असं समजा. दुसरी, कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील. तक्रारीचं उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत अपील करायचं, फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत अपेक्षित. अपिलावर मत देणाऱ्या दोघांच्या सल्लागार समितीत एक सदस्य ग्राहक संघटनेचा असतो. कॉल सेंटरला न समजलेली तारखेची चूक इथे कुणीतरी कागद समोर ठेवून वाचतं. मात्र प्राधिकरण शेवटी कंपनीचंच. ‘गॅलरीतल्या मुलाने काही भरावं लागणार नाही असं सांगितलं होतं’ अशा तोंडी शब्दावरची तक्रार इथे सहसा तग धरत नाही.

ट्रायला थेट पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. वैयक्तिक तक्रारी सोडवणं हे त्याचं काम नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचं तसं नाही. ती आदेश देत नाही, पण तुमची तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. अपिलासोबतच ती करता येते, खर्च शून्य.

ग्राहक आयोग की कायम लोक अदालत?

ग्राहक आयोगाबद्दल एक जुना गैरसमज अजून फिरतो, की टेलिफोनच्या बिलाची तक्रार तिथे चालत नाही. २००९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे तसं झालं होतं खरं. पण १६ फेब्रुवारी २०२२ ला त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की मोबाइल ग्राहक या आयोगांकडे जाऊ शकतो. ते प्रकरणही बिलाचंच होतं. अहमदाबादच्या ग्राहक मंचात (आयोगाचं तेव्हाचं नाव) गेलेल्या ग्राहकाचं महिन्याचं बिल सरासरी ५५५ रुपये असायचं आणि २०१३ च्या एका महिन्यात ते २४,६०९ रुपयांवर गेलं. यातली मेख बघा : मंचाला ऐकण्याचा अधिकार आहे की नाही, एवढाच प्रश्न सुटायला २०२२ उजाडलं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कामं सोपी केली आहेत. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दाखल करणं ऑनलाइन होतं. मुदत दोन वर्षांची. पण तारखा पडतात. नुसत्या अकराशे रुपयांसाठी मी जाणार नाही. नंबर बंद पडून खरोखर नुकसान झालं असेल, किंवा क्रेडिट अहवालात, म्हणजे बँका कर्ज देताना बघतात त्या अहवालात, नोंद चढून कर्ज नाकारलं गेलं असेल, तर मात्र हीच जागा, कारण भरपाई मागता येते.

दुसरा मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो, तो कायम लोक अदालतीचा. विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या सार्वजनिक उपयुक्त सेवांमध्ये टेलिफोन सेवेचं नाव आहे. कोर्ट फी नाही, आधी समेटाचा प्रयत्न होतो, आणि तो फसला तर ही अदालत गुणवत्तेवर निकालही देऊ शकते. अट अशी, की वाद आधी कुठल्या न्यायालयात नेलेला नसावा, आणि इथे अर्ज केल्यावर त्याच वादासाठी दुसऱ्या न्यायालयात जाता येत नाही. निकालही अंतिम असतो. म्हणजे कागद पक्के आहेत आणि लवकर मोकळं व्हायचंय, त्याने इकडे यावं. अपिलाची वाट हवी असेल त्याने आयोग धरावा.

लोक अदालतीची नोटीस आणि गप्प बसणं

नावात ‘लोक अदालत’ असलेलं दुसरं प्रकरण वेगळं आहे, आणि लोक घाबरतात ते त्याला. राष्ट्रीय लोक अदालतीच्या आधी जुन्या पोस्टपेड ग्राहकांना ‘दाखलपूर्व प्रकरण’ (खटला दाखल होण्याआधीचं) म्हणून नोटिसा जातात. वरती न्यायालयाचं नाव बघून घरातली मोठी माणसं हबकतात. हे समन्स नाही, वॉरंट तर नाहीच. इथे दोघांची संमती असेल तरच निवाडा होतो. तुम्ही गेला नाहीत म्हणून तुमच्या विरोधात आदेश निघत नाही.

तरीही ती नोटीस टाकून देऊ नका. मिटवायचंच असेल, तर फोनवरच्या एजंटपेक्षा इथलं मिटवणं कितीतरी चांगलं. एजंटची ‘दोनशे कमी’ची सवलत हवेत असते, सहा महिन्यांनी दुसरा एजंट त्याच दोनशेंसाठी फोन करतो. लोक अदालतीतली तडजोड सहीशिक्क्याने कागदावर येते आणि तिच्याविरुद्ध अपील नाही, कंपनीलाही नाही. मात्र परतावा मागण्याइतकी तुमची बाजू पक्की असेल, तर तडजोडीवर सही करू नका. ती तुम्हालाही तितकीच बांधते.

आणि काहीच केलं नाही तर? दिवाणी वसुलीला मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं असतात. बिल थकणं हा गुन्हा नाही, पोलीस घरी येत नाहीत. पण फोन चालू राहतात, आणि कर्जवसुलीच्या फोनबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम बँका आणि वित्तसंस्थांना आहेत, मोबाइल कंपन्यांना नाहीत. शिवाय गप्प बसणारा माणूस पूर्ण गप्प बसत नाही, हीच खरी अडचण. वैतागून एखाद्या दिवशी तो लिहून देतो, ‘पुढच्या महिन्यात अर्धे भरतो.’ मुदत संपण्यापूर्वी दिलेली अशी सहीची लेखी कबुली तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणू शकते. लिहायचंच असेल, तर ‘रक्कम मान्य नाही’ एवढंच लिहा.

वर्षभरात घरासाठी किंवा गाडीसाठी कर्ज काढायचं असेल, तर गप्प बसण्याचा पर्याय बादच करा. मोबाइलची थकबाकी क्रेडिट अहवालात येऊ शकते. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आजच काढा. चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत घ्या. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. पैसे भरून प्रश्न सोडवणार असाल, तर सवलत घेण्याआधी विचारा, की अहवालात ‘सेटल्ड’ लागणार की ‘क्लोज्ड’. तीनशे रुपयांच्या सवलतीसाठी ‘सेटल्ड’ शेरा घेणं महागात पडतं, कारण बँका त्याचा अर्थ ‘पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच घेतात.

एक प्रकार राहिला : बिल अशा नंबरचं, जो तुमचा कधी नव्हताच. संचार साथीवर तुमच्या नावावर चालू असलेले नंबर दिसतात. तो त्यात असेल तर ‘हा माझा नंबर नाही’ असं तिथेच नोंदवा. बंद पडलेला असल्याने यादीत नसेल, तर कनेक्शन कुठल्या कागदपत्रांवर दिलं ते कंपनीकडे लेखी मागा आणि पोलिसांत तक्रार द्या. इथे हक्क राखूनसुद्धा भरू नका. एक रुपया भरलात, तरी कंपनी उद्या तोच दाखवून कनेक्शन तुमचंच होतं असं म्हणू शकते.